गुरुवारचं पुस्तक

गुरुवार म्हणजे परतीचा वार. मग बाहेर गोळ्या चालोत नाहीतर आभाळ कोसळो, नेलेलं पुस्तक परत यायचं म्हणजे यायचंच. वाचनालय सांभाळणाऱ्या वजीहाबाईंनी हा नेम एकवीस वर्षं चालवला होता. मोसुलच्या त्या प्राथमिक शाळेतली पोरं आईबापाला भीत नसतील एवढी गुरुवारला भ्यायची. बाईंनी कधी कुणावर हात उगारला नव्हता. पण पुस्तक आलं नाही की संध्याकाळी अंगावरचा काळा, पायघोळ अबाया सावरत त्या थेट घरी जायच्या आणि दारात उभ्या राहायच्या. सगळ्या गल्लीसमोरची ती लाज मारापेक्षा वाईट.

घरं सापडावीत म्हणून प्रत्येक पोराच्या कार्डावर बाई खुणा लिहून ठेवत. पिठाच्या गिरणीमागे, तिसरं दार, निळं. मशिदीच्या उजव्या हाताला, अंजिराचं झाड. अशी तीनशे कार्डं एका लाकडी खणात होती. बंडखोर पोलिसांना आणि त्यांच्या घरच्यांना वेचून मारायला लागल्यापासून मुख्याध्यापकांनी पोरांच्या पत्त्यांची, दाखल्यांची वही शाळेतून हलवली होती. खणाची आठवण मात्र कुणालाच राहिली नाही. बाईंनाही नाही, आणि याबद्दल त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

त्या गुरुवारी सकाळपासून नदीपलीकडे धडधड चालू होती. मुख्याध्यापकांनी शाळेला सुट्टी दिली. बाई आल्याच. रॉकेलची शेगडी पेटवली, वर चहाची किटली ठेवली आणि फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसल्या. तेवढ्यात तिघं आत शिरले. दोघांची तोंडं झाकलेली. तिसऱ्याचं उघडं होतं आणि ते बाईंच्या ओळखीचं होतं. मुहन्नद. दहा वर्षांपूर्वीचा, वाचताना ओठ हलवणारा. बाप पट्ट्याने फोडून काढायचा म्हणून शाळा सुटली तरी घरी न जाता याच खोलीत, कपाटामागे बसून राहायचा. इथे कुणी मारत नाही, असं त्याने एकदा स्वतःहून सांगितलं होतं.

म्होरक्याला अबू हारिस म्हणत होते. त्याने सरळ विचारलं, हवालदार नशवान यूनिसचं घर कुठे? त्याची मुलगी याच शाळेत आहे, बायकोच्या माहेरी कुठेतरी लपलाय. बाई म्हणाल्या, मला पुस्तकं ठाऊक, हवालदार नाही. त्याने त्यांच्या तोंडात मारली. चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. दुसऱ्याने केस धरून डोकं टेबलावर आपटलं, दोनदा. नाकातलं रक्त खळीच्या वाटीत पडलं.

तेव्हा मुहन्नद बोलला. खाली बघत बोलला, पण बोलला.

"बाई पुस्तक मागायला घरी यायच्या. सगळ्यांचे पत्ते त्या खणात आहेत."

बाईंना ते कार्ड आठवलं. रुवैदा नशवान यूनिस, तिसरी ब. चार महिन्यांपूर्वी घर बदललं म्हणून त्यांनी स्वतःच जुन्या खुणा खोडून नव्या लिहिल्या होत्या. वा रे बाई, वा तुझी टापटीप! अबू हारिस खणाकडे वळला. बाईंनी विचार असा केलाच नाही. त्यांनी पायाने शेगडी उलथवली. रॉकेल भसकन जमिनीवर पसरलं, जाळ कपाटाच्या कडेने खणावर चढला, आणि एकवीस वर्षांची कोरडी कार्डं बघता बघता पेटली. दुसऱ्याने हात घातला, पंजा भाजून घेतला आणि शिव्या देत मागे सरला. वरच्या फळीवरची पुस्तकं पेटायला लागली. एकेक पुस्तक बाईंनी हाताने शिवलेलं होतं. त्यांना रडू आलं, आणि रडतानाच हायसंही वाटलं.

मग त्यांना फरफटत दाराशी आणलं आणि तुडवलं. बुटांनी. बरगडी मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. कार्ड जळलं तरी डोकं आहे ना तुझं, असं अबू हारिस पुन्हा पुन्हा म्हणत होता. होतंच. तिसरं दार, निळं. बाईंनी दात आवळून धरले.

आणि त्याच वेळी व्हरांड्यात चिमुकले बूट वाजले.

रुवैदा. पाठीला दप्तर, छातीशी पुस्तक. शाळेला सुट्टी आहे हे तिला माहीत होतं, पण आज गुरुवार होता. आजोळहून एकटी, भिंतीभिंतीने चालत आली होती, कारण पुस्तक वेळेवर नेलं नाही तर बाई घरी येतील, आणि घरी कुणी यायचं नाही असं आईने तिला शपथ घालून सांगितलं होतं. धुरात ती थबकली. शाळेत मोठ्या माणसासमोर उभं राहिलं की स्वतःचं, बापाचं आणि आजोबाचं नाव खणखणीत सांगायची शिस्त होती. पोरीने सवयीने टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली, तोंड उघडलं.

बाई कशा उठल्या ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी पोरीच्या थोबाडीत अशी हाणली की ती दाराच्या चौकटीवर आदळली. पुस्तक उडून पडलं.

"सुट्टीच्या दिवशी कशाला कडमडलीस गं? चल, नीघ इथून!"

आणि दुसरी मारली, पहिलीपेक्षा जोरात. पोरीचा ओठ फुटला. तिने बाईंकडे असं पाहिलं की ते बघवत नव्हतं. मग हुंदका दाबत ती पळाली, फाटकाबाहेर, गल्लीत.

ही कोण, असं अबू हारिसने विचारलं. मुहन्नद पांढराफटक पडला होता. त्याने वाकून पुस्तक उचललं आणि शेवटचं पान उघडलं. तिथे चिठ्ठीवर नेणाऱ्याने आपलं पूर्ण नाव आपल्या हाताने लिहायचं, हाही बाईंचाच नेम. मुहन्नदचे ओठ हलले. तीन शब्दांना तीनदा. बाईंनी मोजले, आणि सगळं संपलं असं त्यांना वाटलं.

त्याने पुस्तक मिटलं आणि आगीत फेकलं.

"असेल कुणीतरी. बाई अशाच आहेत," तो म्हणाला. "आम्हीही यांचा खूप मार खाल्लाय."

अबू हारिस हसला. धूर आता छताला लागला होता, बाहेर गाडी ताटकळत होती. लिहिता हात मोडून टाक आणि चल, एवढं सांगून तो निघाला. मुहन्नदने बाईंचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवला. हळूच ठेवला. मग बंदुकीचा दस्ता उचलला आणि खाली आणला, मागे उभा असलेला बघत होता म्हणून पुन्हा एकदा.

शेजाऱ्यांनी बाईंना बाहेर काढलं तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. हाताची पाची बोटं वेडीवाकडी झाली होती. फार दुखतंय का, म्हणून कुणीतरी विचारलं. हो म्हणाल्या. गाल एवढासा होता तिचा, म्हणाल्या, अजून तळहाताला लागतोय.