कधीपासून दुखतंय?

डॉक्टर शेफालींनी आधी जेवणाझोपेचं विचारलं ऋताला आणि उत्तर दिलं सासूबाईंनी.

"जेवणखाण व्यवस्थित आहे. झोप मात्र नाही," नलूताई म्हणाल्या.

ऋताने पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. असंच होणार, हे तिला गिरगावातून निघतानाच ठाऊक होतं. नवऱ्याला, पुष्करला, रजा मिळाली नव्हती आणि सुनेने डॉक्टरकडे एकटीने जाणं नलूताईंच्या बुद्धीला पटणारं नव्हतं. तीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांचे फॉर्म तपासलेली बाई ती. रिकामा रकाना दिसला की तिचा हात शिवशिवायचा. भाजीवाल्याने ऋताला काही विचारलं तरी उत्तर यांचंच. बाई मायेची होती, पण तिच्या मायेपुढे दुसऱ्याला तोंड उघडायला वाव नसे.

आणि आज जे बोलायचं होतं ते ऋताने स्वतःच्या आईलाही धड सांगितलं नव्हतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. पहिल्याच महिन्यात योनीच्या तोंडाशी जी आग सुरू झाली ती गेलीच नाही. पुष्कर जवळ आला की व्हायची, नि ऑफिसात नुसतं खुर्चीत बसलं तरी व्हायची. पहिल्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून तीन मलमं दिली. दुसऱ्यांनी रिपोर्ट चाळले, हसले आणि म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, मन रमवा. पुष्कर चांगला होता. तो काही बोलत नसे, आणि त्याचं ते न बोलणंच तिला जास्त लागे. हल्ली तर तिचा स्वतःवरचाच विश्वास उडत चालला होता. दादरच्या या डॉक्टरही तेच म्हणाल्या तर पुन्हा कुठेही जायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

तपासणी आतल्या खोलीत झाली. डॉक्टरांनी ओल्या कापसाची काडी अलगद एकेका जागी टेकवली आणि दर वेळी, शून्य ते दहामध्ये किती दुखतं, एवढंच विचारलं. ऋता "आठ" म्हणाली तेव्हा त्यांनी आठच लिहिलं. तेवढ्यानेच तिचे डोळे भरून आले.

हात धुऊन त्या बाहेर येऊन बसल्या.

"हे दुखणं खरं आहे," त्या म्हणाल्या. "जखम नाही, जंतू नाहीत, म्हणून रिपोर्ट चांगले येतात. पण तिथल्या नसा हुळहुळ्या झाल्यात. पुन्हा दुखेल या भीतीने आतले स्नायू आवळून राहतात, त्याने आणखी दुखतं. कुणाच्या बाबतीत हार्मोन्स असतात, कुणाच्या बाबतीत उगाच लावत राहिलेली मलमं. एकच एक कारण क्वचित सापडतं. धुवायला काय वापरता?"

"तुरटीचं पाणी," नलूताई म्हणाल्या. "आमच्याकडे पहिल्यापासून तीच पद्धत. मीच करून देते."

"ते आजपासून बंद. साधं पाणी पुरे." डॉक्टरांनी पेन उचललं. "बरं, नेमकं कसं दुखतं?"

ऋताने तोंड उघडलं, पण नलूताई पुढे झाल्याच होत्या.

"मिरची वाटलेला हात लागावा तसं. संध्याकाळी जास्त. बसलं की वाढतं, उभं राहिलं की जरा बरं. सुती परकर असला तर निभतं."

डॉक्टर लिहीत होत्या.

"कधीपासून?"

"पुष्कर झाल्यापासून."

पेन थांबलं. ऋताने मान वळवली. पुष्कर चौतीस वर्षांचा होता, आणि परकर तर ती सणासुदीला साडी नेसली तरच घालायची. सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. आपण काय बोलून गेलो हे त्यांना आत्ता कुठे कळत होतं.

"आई," ऋता हळूच म्हणाली, "मी तुम्हाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं."

नलूताईंनी पदर सारखा केला.

"बायकांचं असतंच गं ते. मला वाटायचं, सगळ्यांचंच असतं."

"सगळ्यांचं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं कारण हिच्यापेक्षा वेगळं असू शकेल. बाळंतपणातलं असेल, पाळी गेल्यानंतरचं असेल, त्वचेचंही असेल. बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही." त्यांनी नवा केसपेपर पुढे ओढला. "नाव?"

नलूताई त्या रिकाम्या रकान्याकडे नुसत्या बघत राहिल्या. ऋताला त्यांची इतकी दया कधी आली नव्हती, आणि स्वतःची तर त्या क्षणी अजिबातच येत नव्हती. तिने टेबलाखालून त्यांचा हात धरला.

"नलिनी माधव वागळे," ती म्हणाली. "वय त्रेसष्ट. बाकीचं त्याच सांगतील. आई, मी बाहेर थांबू?"

"नको, बस," नलूताई म्हणाल्या. मग त्या डॉक्टरांकडे वळल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या.