बार्नीचा वऱ्हाडी आवाज

प्रसेनजित इंगळेचा आवाज चिखलीत सगळ्यांच्या ओळखीचा होता, चेहरा फारसा कुणाच्या नव्हता. रसवंतीचं उद्घाटन, ट्रॅक्टरची सोडत, डोळे तपासणीचं शिबिर, फिरत्या ऑटोवरच्या भोंग्यातून जे काही ऐकू यायचं ते बहुतेक त्याचंच असायचं. बसस्टँडमागच्या गल्लीत खताच्या दुकानावर त्याची एक खोली होती. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, मधे माईक. रेकॉर्डिंग चालू असलं की पंखा बंद ठेवावा लागे, म्हणून खुर्चीच्या पाठीवर कायम एक ओला टॉवेल.

मार्चमध्ये त्याला मुंबईहून सुचिता नावाच्या बाईचा फोन आला. परदेशी सिनेमांचं मराठी डबिंग करून घेणं हे तिचं काम. प्रसेनजितने मोबाईलवर टाकलेल्या वऱ्हाडी गमती तिने पाहिल्या होत्या.

"इंग्रजी सिनेमा आहे, कॉमिकवरून काढलेला," ती म्हणाली. "दीडशे वर्षांपूर्वीच्या वेगवेगळ्या कादंबऱ्यांमधले नायक एकत्र येतात आणि लंडन वाचवतात. एक जहाजाचा कप्तान, एक डोंगर चढणारी बाई, एक डॉक्टर. आणि त्यांच्या जहाजावर बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा बार्नी. तो आम्हाला वऱ्हाडी हवाय. धमाल येईल."

प्रसेनजितने हो म्हटलं. त्याचं नाव सिनेमाला लागेल असं त्याला आजवर कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळी संवादांची फाईल आली. ती त्याने दोनदा वाचली, पण ही माणसं कोण, कुठली, एकमेकांना का ओळखत नाहीत, काही उलगडेना. मग तो सिंधूताईंकडे गेला.

सिंधूताई पडघान यांनी चिखलीच्या हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, त्यात तीन वर्षं प्रसेनजितलाही. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. त्यांच्या बैठकीत एक लोखंडी कपाट होतं, त्यात जुन्या इंग्रजी कादंबऱ्या खचाखच भरलेल्या. पुण्या-मुंबईला कुणी निघालं की त्या हमखास यादी द्यायच्या, असं शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनी चष्मा लावून फाईल पाहिली आणि हसू लागल्या. "अरे, हे सगळे एकाच पिच्चरमंदी? कप्तान थॉर्नबी, अडेला विंटर, डॉक्टर क्रेल! तिघांचे लेखक येगळे. एकमेकांचं तोंड नाई पाह्यलं यांनी कधी."

"मंग एकत्र आनले कोनी?"

"कॉमिकवाल्यानं आनले असतील. चांगलं केलं. मले बी वाटे कधी कधी, हा कप्तान त्या बाईले भेटला असता त काय झालं असतं." त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. "तुझा बार्नी यातला हाये. अकराच पानं हायेत त्याले, पन मी ते वर्गात दरसाल सांगे. तुमच्या वर्गालेबी सांगतलं होतं. तू खिडकीतून भाईर पाहत असशीन."

प्रसेनजित ओशाळून हसला. सिंधूताई फाईलची पानं उलटत गेल्या. कप्तान, बाई, डॉक्टर छापील मराठीत बोलत होते. बार्नीच्या तोंडी तेवढी वऱ्हाडी होती, आणि प्रत्येक वाक्यात एक तरी विनोद. शेवटाजवळ त्या थांबल्या. जहाजाचा बॉयलर फुटायला आला आहे, बाकीच्यांना होडीत बसायला वेळ मिळावा म्हणून बार्नी एकटा खाली थांबतो. तिथे त्याचं वाक्य होतं, "अबे पळा बे, नाई त भरीत होऊन जाईन तुमचं!"

"पिच्चरमंदी मरते ना हा इथं?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मंग मरतानाबी हसवते काऊन?"

प्रसेनजितने फाईल आपल्याकडे ओढली. त्याला ते वाक्य वाचताना हसू आलं होतं, हे त्याने सांगितलं नाही.

रेकॉर्डिंग दोन दिवसांनी सुरू झालं. सुचिता मुंबईहून ऑनलाईन ऐकायची. सिंधूताई हट्टाने कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. पहिली सत्तर-ऐंशी वाक्यं झरझर झाली. बार्नी कप्तानाच्या टोपीवर बोलला, डॉक्टरच्या मिशांवर बोलला. सुचिता पलीकडे खळखळून हसली, सिंधूताईही दोनदा हसल्या. मग बॉयलरचा प्रसंग आला आणि प्रसेनजितने हेडफोन काढला.

"मॅडम, हे वाक्य बदललं तर चालेल का? मरतोय तो इथं."

सुचिता म्हणाली, "मला पण ते खटकलं होतं. पण वरून तसंच मंजूर होऊन आलंय. तुम्ही दुसरं करून द्या, मी दोन्ही पाठवते. फक्त ओठ जुळले पाहिजेत, आणि वाक्य जोरात हवं. बॉयलर फुटतोय ना."

सिंधूताईंनी मूळ पुस्तकातलं वाक्य पाहून कागदावर लिहून दिलं, "तुमी व्हा समोर. मी पाह्यतो इथलं." ओठ बरोबर जुळले. पण प्रसेनजित ते ओरडून म्हणायला लागला की सगळं बिघडायचं. एकदा केलं, चारदा केलं. नवव्या वेळी सिंधूताईच बोलल्या, "प्रसेनजित, डोळ्याच्या शिबिराले बोलावून राह्यला का तू लोकायले?"

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. खरंच तसं होत होतं. बारा वर्षं भोंग्यासाठी बोलून त्याचा आवाज एकाच वाटेने वर चढायचा. सुचिताने सोमवारपर्यंत मुदत दिली आणि लाईन बंद केली.

"मले नाई जमनार हे," तो म्हणाला. "मी नकला करनारा मानूस."

"बॉयलर पाह्यला का तू कधी?"

"नाई."

"मंग उद्या धाडले चाल माह्यासंग."

धाड हे सिंधूताईंचं माहेर. त्यांच्या भावाच्या शेजारी कडूबा नावाचे एक म्हातारे राहायचे. तरुणपणी ते चिखलीच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात बॉयलरवर होते. ते जिनिंग कधीच बंद पडलं, आता तिथे मंगल कार्यालय आहे. दुसऱ्या दिवशी बाजार होता, जीपमध्ये कोंबड्या आणि दोरखंडांची बंडलं होती. प्रसेनजित पूर्ण रस्ता मांडीवर फाईल घेऊन बसला होता.

कडूबा ओट्यावर लसणाच्या जुड्या बांधत होते. वय अठ्ठ्याहत्तर, डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, त्यामुळे प्रसेनजितला उजवीकडे बसवलं. सिंधूताईंनी त्यांना अख्खा सिनेमा सांगितला. कप्तान, बाई, डॉक्टर, लंडन. कडूबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"लाकडाचा होता का कोयशाचा?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"बॉयलर."

"कोयशाचा," प्रसेनजित म्हणाला. "आबा, तो फुटाले आला अन् आपल्याले लोकायले भाईर काढाचं हाये, त मानूस कसा बोंबलन?"

कडूबांनी हातातली जुडी खाली ठेवली. "बोंबलत नाई कोनी."

"मंग?"

"असं झाल्तं आमच्या इथं. मी बावीस वर्साचा असन. भागवत मिस्त्री होते आमचे. वाफ वर-वर चढून राह्यली अन् वाफ सोडाचा वाल अटकून बसलेला. मले काई समजेच ना. मिस्त्रीनं दाबाचा काटा पाह्यला अन् माह्या खांद्यावर हात ठेवला. मले म्हनते, कडू, सगळ्या पोरायले घेऊन चहा पिऊन ये. असंच म्हनले, जसा मी तुमच्यासंग बोलून राह्यलो. हळूच. म्या म्हटलं, आता कुठचा चहा? ते म्हने, जाय, आज मी पाजतो. आमी सतरा जनं भाईर गेलो. पानठेल्यापाशी पोचलो तवा समजलं, आपल्याले कायले पाठवलं ते."

"अन् मिस्त्री?" सिंधूताईंनी विचारलं.

"आंदरच. भट्टीतला सारा इस्तव फावड्यानं भाईर वढला एकट्यानं. दाब उतरला. हात भाजले कोपरापावतर, पन जगले. पुढं वीस वर्सं होते." त्यांनी जुडी पुन्हा हातात घेतली. "बोंबलले असते त आमी एकाच दरवाजात चेंगरलो असतो. ज्याले लोकं वाचवाचे हायेत तो हळूच बोलते, बाप्पा."

प्रसेनजितने फाईल मिटून बाजूला ठेवली. कडूबांच्या सुनेने चहा आणला, तो त्याच्यापुढे तसाच निवला. निघताना त्याने विचारलं, "आबा, ते पुन्हा एकदा म्हनून दाखवा. मिस्त्री म्हनले ते."

कडूबांनी म्हणून दाखवलं. त्याने मोबाईल बाहेर काढला नाही, नुसतं ऐकलं.

सोमवारी दुपारी, गल्लीत भाजीच्या गाड्या नसताना, त्याने ते वाक्य केलं. माईकच्या इतकं जवळ तो कधी गेला नव्हता. समोर पडद्यावर बार्नीचा काळवंडलेला चेहरा होता, कप्तान त्याचा हात ओढत होता. प्रसेनजित म्हणाला, "तुमी व्हा समोर. मी पाह्यतो इथलं."

पलीकडे ते वाक्य पुन्हा एकदा वाजलं. मग सुचिता म्हणाली, "आवाज फार खाली आहे. बॉयलरच्या आवाजात बुडेल."

"मॅडम, बॉयलरचा आवाज कमी करता येते का?"

"काय?"

प्रसेनजितने तिला भागवत मिस्त्रींची गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली, सतरा जण आणि चहासकट. सुचिताने एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "ध्वनी जोडणाऱ्यांना विचारते. कबूल काही करत नाही." फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "ते मिस्त्री तुमचे कोण?"

"कोनीच नाई," तो म्हणाला.

सिनेमा मे महिन्यात लागला. चिखलीच्या टॉकीजमध्ये मराठीचा एकच खेळ होता, दुपारी बाराचा. सिंधूताईंनी कडूबांना भाच्याच्या मोटरसायकलवर बोलावून घेतलं. कोणतं वाक्य ठेवलंय हे प्रसेनजितला ठाऊक नव्हतं. सुचिताने कळवलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं.

बार्नीने पहिलं तोंड उघडलं तसं टॉकीज दणाणून गेलं. "अबे, हा त आपल्या चिखलीचा हाये!" कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. प्रसेनजितला बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. लोक इतके हसायला बसले होते की ते आता काहीही झालं तरी हसतील, असं त्याला वाटत होतं. कडूबा लंडनच्या मारामारीत झोपून गेले. सिंधूताई अडेला विंटरवर नाराज होत्या. "पुस्तकात ती कोनालेच वाचवाले बोलावत नाई," त्या पुटपुटल्या.

बॉयलर आला तेव्हा त्यांनी कडूबांना हलवून उठवलं.

पडद्यावर वाफ होती, लोखंड तापून लाल झालं होतं. कप्तान ओरडत होता. मग आवाज एकदम खाली गेला, बॉयलरचाही. बार्नीने कप्तानाचा हात आपल्या बाहीवरून सोडवला आणि म्हणाला, "तुमी व्हा समोर. मी पाह्यतो इथलं."

मागे एकजण सवयीने हसला, आणि त्याचं हसू मधेच थांबलं. बाकी कुणाचा आवाज आला नाही. होडी दूर जाईपर्यंत टॉकीजमध्ये फक्त कूलर ऐकू येत होते. प्रसेनजितने बाजूला पाहिलं. कडूबा पुढे वाकून पडदा निरखत होते.

"वाल उजव्या अंगाले पाह्यजे होता," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बोलला मातर बरोबर."

शेवटी नावं फार भराभर सरकली. मराठी आवाजांची यादी आलीच नाही. प्रसेनजित दिवे लागेपर्यंत उभा राहिला, मग बाहेर निघाला. त्याला वाईट वाटलं, पण वाटलं होतं त्यापेक्षा कमी. दारात दोन कॉलेजच्या पोरी बोलत होत्या, बार्नी मरायला नको होता म्हणून. तो त्यांच्या अगदी जवळून पुढे गेला.

भाचा मोटरसायकल घेऊन परस्पर बुलढाण्याला गेला होता, म्हणून कडूबांना धाडच्या जीपमध्ये बसवायला दोघेही स्टँडपर्यंत आले. जीप भरायला वेळ होता. सावलीत उभ्या असलेल्या रिकाम्या जीपमध्ये तिघे बसले.

"मास्तरीनबाई," कडूबा म्हणाले, "ते डोंगर चढनारी बाई. तिचं येगळं पुस्तक हाये म्हनता ना तुमी?"

"हाये ना. माह्या कपाटात हाये."

"त्यात काय होते?"

"लंबी गोष्ट हाये, आबा. इंग्रजीत साडेचारशे पानं."

"जीप कुठं भरून राह्यली," कडूबा म्हणाले आणि उजवा कान त्यांच्याकडे केला.

सिंधूताईंनी पिशवी मांडीवर घेतली. "एक मुलगी होती," त्यांनी सुरुवात केली, "तिच्या बापाले वाटे, हिनं घरातच राहावं." ड्रायव्हरने बाहेरून "धाड, धाड" अशी हाक दिली. प्रसेनजित सरकून बसला आणि त्याने शेजारची खिडकी लावून घेतली.