दिवा डोळा मारत नव्हता

खरं सांगू का मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिली. आम्हा वायरींमध्ये बोलणं वाईट समजतात. वायर बोलली म्हणजे ठिणगी पडली, आणि मग माणसं पळतात. पण आता माझ्यातून वीज जात नाही. बोललो तरी कोणाला चटका बसणार नाही. शिवाय गप्प राहिलं की जीव नुसता वळवळतो. म्हणून सांगतोच.

मी एक जुना वायरचा तुकडा आहे. वीतभर लांब. शिवणकामाच्या खोलीत, मेन स्विचशेजारच्या खिळ्याला टांगलेला. माझ्या मधोमध दातांच्या खुणा आहेत आणि काळं पडलेलं तांबं दिसतं. लहान मुलं विचारतात, "हे काय लटकवलंय?" मोठी माणसं लगेच दुसरीकडे बघतात.

तेव्हा मी तुकडा नव्हतो, अख्खा होतो. कारखान्यात तांब्याच्या केसासारख्या तारा पिळून मला बनवलं. वर गरम प्लॅस्टिकचा अंगरखा चढवला. पाण्यात बुडवून तपासलं. मी पास झालो! मला वाटलं, आता आपल्याला कोण हात लावणार?

हात कोणी लावलाच नाही. दात लावले.

वायरमनने मला या खोलीत आणलं. इस्त्री, शिलाई मशीन आणि मशीनवरचा छोटा दिवा, तिघांना वीज पोचवायचं काम माझं. मला प्लॅस्टिकच्या पाइपात घालत घालत तो कापड कापायच्या टेबलामागे आला आणि पाइप संपला. हातभर कमी पडला.

"चालतंय," तो म्हणाला. "टेबलामागे कोण बघतंय?"

टेबलामागे उंदीर बघत होता.

खोली दोन जावांची होती. थोरली शिवायची, धाकटी कापायची, आणि दोघींच्या जिभा कात्रीहून धारदार. टेबलापलीकडे खाट होती. त्या खाटेवर त्यांचे सासरे, पाय प्लास्टरमध्ये. जिना चढता येत नाही म्हणून त्यांचा मुक्काम खालीच. माझा उघडा भाग त्यांच्या अगदी उशाशी होता. खाटेखाली चिंध्यांची गाठोडी. "टाकू नकोस, कशाला तरी लागतील," असं थोरली रोज म्हणायची. आणि बाबांच्या उशीखाली बिस्किटं, सुनांना चोरून. चुरा खाली सांडला की मुंग्यांची रांग लागायची. ती रांग तशीच भिंत चढून माझ्या जोडाच्या डबीत शिरायची, तिथे ऊब असते ना. डबीचं झाकण सैल होतं. तेही चालतंय म्हणूनच राहिलेलं.

मग एका दुपारी आवाज आला. कुर्र. थांबला. पुन्हा कुर्र.

उंदराचं माझ्याशी वैर नव्हतं, मित्रांनो. त्याचे दात सारखे वाढतात. घासले नाहीत तर त्याचंच तोंड मिटेनासं होईल. पण त्याचे दात घासले जातात तेव्हा माझं अंग जातं, त्याचं काय?

धाकटीला दिसलं. "ताई, ही वायर बघा, कुरतडलीय."

"नखाएवढं तर आहे."

"वायरमनदादांना बोलावू?"

"त्याचा उद्या महिन्याने उजाडतो. थांब, मी हिला खोळ शिवते."

आणि खरंच टेप काढली! माझं माप घेतलं. लांबी, घेर, सगळं. दुहेरी कापड, आत कापूस, कडेला निळी पायपिंग. मला ती घातली, वरच्या टोकाला नाडी बांधली आणि थोरली दोन पावलं मागे सरकून म्हणाली, "ह्याला म्हणतात फिटिंग. आता कुरतड म्हणावं."

खाटेवरून बाबा म्हणाले, "माझ्या उशीला अभ्रा नाही आणि वायरीला अंगरखा. मीच वायर व्हायला हवं होतं."

माप द्यायला आलेल्या बायका कौतुक करायच्या. "अगंबाई, वायरीलासुद्धा!" मी फुगून जायचो. इतक्या वर्षांत मला कोणी नटवलं नव्हतं.

पण खोळीचं खालचं टोक उघडं होतं. आत अंधार, ऊब आणि कापूस. उंदराला आयतं घर मिळालं, तेही शिवून. तो आत राहायला आला. आता कुर्र आवाज बाहेर जाईना आणि जखम कोणाला दिसेना. माझ्या आतल्या तारा एकेक तुटत गेल्या. उरलेल्या थोड्या तारांवर सगळा भार. इस्त्री लावली की मी तापायचो. ओरडावंसं वाटायचं. पण कसं ओरडणार? खाली चिंध्या, वर बाबांची उशी.

तेव्हा माझ्यासाठी दिवा बोलला.

तो मशीनवरचा छोटा दिवा माझा जिवलग. इस्त्री चालू झाली आणि मी तापलो की तो लुकलुकायचा. जीव तोडून सांगायचा, मागे बघा, मागे बघा.

धाकटी हळूच म्हणाली, "जाऊबाई, हा तुमच्याकडे बघून डोळा मारतोय."

"मारू दे. या वयात दुसरं कोण मारतंय?"

"मला ऐकू येतं हं," खाटेवरून बाबा.

हसल्या. बल्ब बदलला. दिवा पुन्हा लुकलुकला. दुसरा बल्ब आणला. तरी तेच. शेवटी थोरली वैतागली. "बल्बात काही नाही, हा दिवाच नाटकी आहे. खोटारडा मेला!" तिने त्याचा प्लग काढला आणि त्याला भंगाराच्या टोपलीत टाकलं. प्लग निघता निघता तो एकदा भक्कन पेटला होता. तेवढंच आमचं शेवटचं बोलणं.

मग वास यायला लागला.

शिवणाच्या खोलीत जळका वास आला की माणसं एकच गोष्ट बघतात. "इस्त्री कपड्यावर कोणी ठेवली?" "मी नाही, तुम्हीच ठेवली असेल." भांडण. इस्त्री बंद. इस्त्री बंद झाली की मी थंड व्हायचो, वास जायचा, आणि दोघींची खात्री पटायची. बघ, इस्त्रीच होती! असं कितीदा झालं. मी आत जळत होतो आणि बाहेर त्या एकमेकींवर जळत होत्या.

त्या दिवशी धाकटी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होती. थोरली दारात गिऱ्हाइकाशी बोलत होती. बाबांनी नाक वर केलं.

"अगं, इस्त्री बघा!"

"बाबा, इस्त्री माझ्या हातात आहे!"

थोरली आत आली. तिने सदरा उचलून उलटसुलट बघितला. पांढराशुभ्र. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पहिल्यांदाच भांडल्या नाहीत.

"मग जळतंय काय?"

"माझ्या उशाशी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "धूर आहे गं. मला उठता येत नाही."

माझी खोळ तपकिरी झाली होती. आतला कापूस धुमसत होता आणि एक ठिणगी चिंध्यांवर पडायच्या बेतात होती. थोरलीने पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी नको!" धाकटी किंचाळली. "आधी मेन!"

ती धावली. खट्. माझ्यातली वीज गेली. दोघींनी मिळून बाबांसकट खाट ओढली. मग थोरलीने स्वतः शिवलेली ती खोळ कात्रीने टरकावली, चिमट्याने उचलून बाहेर अंगणात नेली आणि पायाने विझवली. खोळ फाटली तेव्हाच आतून उंदीर निसटला होता आणि बाबांच्या प्लास्टरवरून पळत दाराबाहेर गेला होता.

"भाडेकरू गेला," बाबा म्हणाले. थोरली जमिनीवरच बसली आणि त्यांचा हात धरून रडली.

वायरमन या वेळी लगेच आला. मला निरखून म्हणाला, "वहिनी, पाइप मीच कमी सोडला होता." त्याने माझा खराब भाग कापून काढला, तो हा मी. नवीन वायर लोखंडी पाइपात घातली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डबीतल्या मेलेल्या मुंग्या ब्रशने झाडून झाकण घट्ट बसवलं. धाकटी सवयीने उंदराच्या बिळात चिंध्या कोंबायला लागली, तर तो म्हणाला, "अहो, गादी घालताय का त्याला?" मग बिळात तारेची घासणी ठासली आणि वरून सिमेंट. बाबांची बिस्किटं पकडली गेली. आता ती घट्ट झाकणाच्या डब्यात असतात आणि डबा थोरलीच्या ताब्यात.

निघताना वायरमनला टोपलीत दिवा दिसला. त्याने तो लावून बघितला. लख्ख, स्थिर.

"हा ठणठणीत आहे की!"

थोरलीने दिवा पदराने पुसला आणि जागेवर बसवला. मग मला उचललं आणि या खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, तुमच्या घरी दिवा लुकलुकला तर त्याच्यावर चिडू नका. वायरीला हात लावू नका, पण मोठ्यांना सांगा, मागे बघायला लावा. जखम झाकू नका, मग खोळ कितीही सुंदर असो.

मला अजून स्वस्थ वाटत नाही. छपरावर काही सरकलं तरी मी दचकतो. समोर तो दिवा जळत असतो, आणि इस्त्री लागली की अजून जरा घाबरतो, पुन्हा आपल्यालाच टोपलीत टाकतील म्हणून.

दिव्या, ऐक. तुला वाटेल तेव्हा लुकलुक. इथून प्रत्येकाची नजर आधी माझ्यावर पडते. जोवर मी या खिळ्याला आहे, तोवर तुला कोणी खोटारडा म्हणणार नाही. शब्द देतो.