खडीरची वाट

बोर्डीच्या किनाऱ्यावरून निघाल्याचा तो आठवा दिवस होता. पहाटे रापर सोडलं तेव्हा हवेत थोडा गारवा होता. अमृत सर पुढे, सुषमा मागे, अशा दोन सायकली कच्छच्या रणातल्या खडीर बेटाच्या दिशेने चालल्या होत्या. संध्याकाळी धोळावीरा गाठलं की सफर संपली.

अमृत सर आशागडजवळच्या एका शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून नुकतेच रिटायर झाले होते. सुषमा त्यांची जुनी विद्यार्थिनी, तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यातली. सरांनीच तिला पळायला शिकवलं, नर्सिंगचा फॉर्म भरायला लावला. आता ती उपकेंद्रात नर्स होती, दोन मुलांची आई होती, तरी सरांपुढे उभं राहिलं की तिचे हात आपोआप पाठीमागे जायचे. कच्छचं रण सायकलवरून बघायचं, ही सरांची जुनी हौस. त्यांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी, ‘एकट्याने जायचं नाही’ म्हणून धरणंच धरलं, तेव्हा सुषमाने रजा टाकली होती. २०१८ चा मार्च चालू होता.

दहाच्या सुमारास ते रणाआधीच्या शेवटच्या गावात चहाला थांबले. टपरीवाल्या म्हाताऱ्याने सायकलींकडे पाहिलं, मग समोरच्या पांढुरक्या आभाळाकडे.

“आजे ना जाओ, बेन,” तो म्हणाला. “हवा बंध थई गई छे.”

गुजरातच्या सीमेवरच्या तलासरीत वाढलेल्या माणसाला गुजराती वेगळी शिकावी लागत नाही. सुषमाने ते सरांना सांगितलं. सर हसले. “हवा बंद म्हणजे समोरचा वारा नाही. चांगलंच की!”

त्यांची पाठ वळली तेव्हा सुषमाला दिसलं, सरांचा शर्ट कोरडा होता. तिचा स्वतःचा पिळून काढावा इतका ओला होता. सरांच्या सायकलीवरची बाटली रापरला भरली तशीच काठोकाठ होती. सर, सकाळपासून लघवीला झाली का? हा प्रश्न ती पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना दिवसातून वीसदा विचारायची. इथे जीभ उचलेना.

“सर, पाणी पिताय ना?”

“पितोय गं. तू आपलं बघ.”

तिने आपलं बघितलं.

मग रण सुरू झालं. मधून रस्त्याचा उंच बांध आणि दोन्ही अंगांना मीठ. झाड नाही, पाखरू नाही, वाहन नाही. ऊन वरून येत होतं तसंच खालूनही येत होतं. एवढी शांतता होती की सुषमाला दोन्ही सायकलींच्या चेनचा आवाज वेगवेगळा ऐकू येत होता. थोड्या वेळाने त्यातला एक अडखळू लागला. सरांची सायकल रस्त्यावर नागमोडी चालली होती.

“सर! थांबा!”

ते थांबले. सायकल त्यांनी हातातून तशीच सोडून दिली. ती धाडकन पडली. वस्तू नीट न ठेवणाऱ्या पोरांना मैदानाला पाच चकरा मारायला लावणारा हा माणूस! मागे न बघता ते बांधाचे दगड उतरले आणि मिठावरून सरळ चालू लागले. दूर क्षितिजाला पाणी चमकत होतं. सुषमाला माहीत होतं की ते पाणी नाही.

ती धावत खाली उतरली. मिठाचा पापुद्रा पायाखाली कुरकुरला. पहिली पन्नास पावलं जमीन टणक होती. पुढे सरांच्या पावलांचे खळगे काळे होत गेले आणि त्यांत पाणी झिरपू लागलं. शंभर पावलांवर तिचा पाय घोट्यापर्यंत गेला, दोनशेवर पोटरीपर्यंत. ती थांबली. घरी दोन पोरं होती. मागचा रस्ता रिकामा होता, फोनला रेंज नव्हती, आणि ती इथे खचली तर कुणाला कळणारसुद्धा नव्हतं. अजून थोडंच, तिने स्वतःला बजावलं. मग मागे.

“सर!”

सर वळले. चेहरा लालभडक, ओठ फुटलेले. “भरती येतेय,” ते घाईने म्हणाले. “पोरं आत आहेत. कवायतीला आणलेली. बाहेर काढायला हवीत.”

ते बोर्डीला होते. वीस वर्षांपूर्वीच्या बोर्डीला, ओहोटीच्या ओल्या वाळूवर. तिथे सुषमाही असायची. तिने हात धरून ओढलं. सरांनी इतक्या जोरात झटकला की ती गुडघ्यावर पडली.

मग ती उठली, सरळ उभी राहिली आणि शाळेत द्यायची तशा खणखणीत आवाजात म्हणाली, “सर, सगळी पोरं वर आली! मी मोजली. एकवीसच्या एकवीस.”

“ती लहानगी काळी आली? तिला पोहता येत नाही.”

“आली सर. तुमचीच वाट बघतायत.”

सर वळले आणि तिच्या मागे चालू लागले.

बांधापाशी ते कोसळले. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. तिने दोन्ही बाटल्या त्यांच्यावर ओतल्या, शर्ट फाडला, नकाशाने वारा घालत राहिली. सरांच्या खिशात गोळ्यांचं पाकीट सापडलं. ब्लडप्रेशरची, अंगातलं पाणी काढून टाकणारी गोळी. तिने कपाळाला हात लावला.

पाऊण तासाने रस्त्याच्या कामावर पाण्याची पिंपं नेणारा एक छकडा, तिकडची तीनचाकी मोटार, आला. चालकाने काही न विचारता अख्खं पिंप सरांवर रिकामं केलं आणि दोघांना दवाखान्यात पोहोचवलं. अर्धा तास उशीर झाला असता तर हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी पुष्पाबाईंचा फोन आला.

“गोळीचं त्यांनी सांगितलं नव्हतं तुला?”

“नाही.”

“आणि तू विचारलं नाहीस? नर्स ना गं तू?”

“चुकलं माझं,” सुषमा म्हणाली. त्याहून खरं दुसरं काही नव्हतं.

पाच दिवसांनी सर उठून बसले. किडनीला धक्का बसला होता, उजवा हात थरथरत होता. त्या दुपारचं त्यांना काही आठवत नव्हतं. परतीच्या गाडीत वापी मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, “किती आत गेलो होतो मी?”

“तीनशे पावलं असतील.”

“अजून शंभर गेलो असतो तर?”

सुषमा त्यांच्याकडे वळून म्हणाली, “तर मी आले नसते, सर.”

सरांनी पटल्यासारखी मान डोलावली. थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली धरला आणि डहाणू रोड येईपर्यंत तसाच धरून ठेवला.