गाठीच्या बुडाची ओल

मी जानराव, अकोल्यात खुशालरावांच्या कापूसखान्याचा मुकादम. अमेरिकेतल्या लढाईपायी कापसाला सोन्याचा भाव आला होता. सगळी घाईगर्दी, त्यात माझं डोकं जन्माचंच गरम. अशात मुंबईच्या दलालाने बारा गाठी परत धाडल्या. एक फोडली, तर आतली रुई काळी, कुजकी. वास असा की मी चार पावलं मागे सरलो.

रुई दाबणाऱ्या बायांची म्होरकी पार्बताबाई. मजुरी वजनावर, म्हणजे वजन वाढवायला तिनेच पाणी मारलं, हे मी उभ्याउभ्या ठरवून टाकलं. ती तोंड उघडायच्या आत तिला हाकललं. वर सगळ्या कापूसवाल्यांना निरोप धाडला, या चोरटीला ठेवू नका.

पंधरा दिवसांनी एक नवी गाठ उचलली, तर ओली! पार्बताबाई तर बारशीटाकळीला माहेरी. मग पाणी मारतंय कोण?

तिच्या जागी म्होरकी केलेल्या सत्यभामेला समोर उभं केलं.

"गाठ ओली काहून?"

"वरून कोरडी हाय जी. बूडच ओलं हाय."

"बूड काहून ओलं?"

"जमीन ओली हाय न."

"अन् जमीन काहून ओली?"

"सडा टाकतो न आमी. सकाळी एक, दुपारी एक."

सडा अंगणात टाकतात, तोही सकाळी एकदा. गोदामात दोनदा टाकायचा शहाणपणा कुणाचा? मी ओरडलो, "कोनं सांगतलं?"

सत्यभामा म्हणाली, "तुमीच त. रुईत धूळ हाय म्हने दलाल, तवापासून."

खरंच, मीच सांगितलं होतं. धूळ बसली म्हणून स्वतःवर खूशही झालो होतो. गाठी त्याच जमिनीवर आठ-आठ दिवस पडून असतात, हे या मुकादमाच्या टाळक्यात शिरलंच नाही.

त्याच दुपारी गाडी जुंपून बारशीटाकळी गाठली. वावरं पांढरीफेक फुटलेली, बाया वेचणीला गेलेल्या, आणि पार्बताबाई ओट्यावर रिकामी बसलेली. चोरटीला वावरात कोण घेणार? माझा निरोप अकोल्यातच थांबला नव्हता.

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"मले एकडाव इचारलं असतं, त तवाच सांगतलं असतं. बुडाची ओल रोज हाताले लागे आमच्या."

"चाल बाई, कामावर चाल."

"कामाचं मंग पाहू. आंधी हिरीवर चाला. बाया येतीन आता वावरातून. त्याइले सांगा."

चाळीस माणसांवर खेकसणारा मी, विहिरीवर बायांपुढे हात जोडून उभा राहिलो.

"पानी म्या टाकाले लावलं," मी म्हणालो. "पार्बता चोर नाई."

एका म्हातारीने घागर खाली ठेवली. "मंग चोर हाय म्हनून कोनं सांगतलं होतं?"

"तेबी म्याच."