चाळिसावं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे. आज मला दारं नाहीत, कुलूप नाही, पाठही परकी आहे. पण एके काळी फिलिपिन्समधल्या सोर्सोगॉनच्या किनाऱ्यावरच्या आमच्या छोट्या शाळेत माझ्याएवढा मान कुणालाच नव्हता. त्या मानापायी माझ्या पोटात काय घडलं, ते आठवलं की अजून माझ्या फळ्या थरथरतात.

मला लोलो इस्को नावाच्या सुताराने घडवलं. आमच्याकडे लोलो म्हणजे आजोबा आणि लोला म्हणजे आजी. सगळं गाव त्यांना तशीच हाक मारी. नारा वृक्षाचं तांबूस, चिवट लाकूड त्यांनी दोन उन्हाळे वाळवलं. रंधा मारताना ते गुणगुणत,

होडीला हवा वारा, जाळ्याला हवं पाणी,
मिटून ठेवल्या ओठांत कुठून येतील गाणी?

गाणं गोड होतं. अर्थ मला तेव्हा कळला नाही.

एका वादळात शाळेचं छप्पर उडालं आणि माझी पाठ फुटली. तोवर लोलो इस्को देवाघरी गेले होते. कुणीतरी घाईघाईने पाठीला प्लायवुड ठोकलं. पुढून मी तसाच देखणा राहिलो, आणि मागचं कोण बघतो?

मग परदेशात कामाला गेलेल्या गावकऱ्यांनी मोठं खोकं पाठवलं. त्यात जगभरची नावाजलेली चाळीस पुस्तकं होती. दर्यावर्दींची, राजकन्यांची, बर्फातल्या लांडग्यांची. सोनेरी अक्षरं, गुळगुळीत पानं! ग्रंथालय पाहणाऱ्या पेर्पेतुआबाई हरखून गेल्या. आमच्याकडे घरोघरी चांगल्या बशा काचेआड असतात. त्या पाहुण्यांसाठी, घरच्यांनी जेवायचं टवके गेलेल्या ताटांत. बाईंनी पुस्तकांनाही तोच न्याय लावला. प्रत्येकाला प्लास्टिकचं वेष्टण घातलं, माझ्या पोटात ओळीने रचलं आणि कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवली.

आमच्या भाषेतली पातळ पुस्तकं मात्र कोपऱ्यात, वेताच्या टोपलीत पडलेली. सुसरीच्या लग्नाची गोष्ट, ज्वालामुखीच्या मुलीची गोष्ट, चंद्रावर जाळं टाकणाऱ्या कोळ्याची गोष्ट. मुलं ती ओढत, फाडत, भाताच्या पेजेने चिकटवत. मी मनात म्हणे, "काय ही दशा! माझी बघा, कशी कोरी करकरीत."

पाहुणे येत, काचेतून बघत, "वा, बाई!" म्हणत. मी फुगून जाई.

अशाच एका पाहुण्यांच्या दिवशी दार क्षणभर उघडं राहिलं आणि तिसरीतल्या नेनिताने दर्यावर्दीचं एक पुस्तक झग्याखाली लपवलं. मी पाहिलं! पण कपाटाला ओरडता येतं का? तिथे उरलेली बारीक फट बाईंना कधी दिसली नाही, मला मात्र ती पडलेल्या दातासारखी सलत राहिली. त्या पोरीचा मी तीन वर्षं मनापासून राग केला.

मग एक नोव्हेंबर आला, आमच्या शाळांचा वाचनाचा महिना. समोरच्या मालाबुन बेटावर मुलांसाठी वाचनघर निघायचं होतं. नेनिता तिथलीच, रोज होडीने शाळेत येणारी. सहावीत गेलेल्या नेनितालाच बाईंनी वाचनघराची राखणदार नेमलं. ठरलं असं, की आपली दहा आणि जगाची दहा पुस्तकं निवडायची. पहिल्यांदाच माझं कुलूप मुलांसाठी उघडणार होतं.

त्या सकाळी नेनिता पिशवी छातीशी धरून आली. पिशवीत काय होतं, ते मी आकारावरून ओळखलं. गडबडीत पुस्तक परत सरकवायचा तिचा बेत होता. मोजणीत चोरी उघडी पडली, तर वाचनघर हातचं जाणार. मला वाटलं, सापडू दे!

"बाई, पुस्तकं निवडताय की जावई?" टासियो नावाडी खिडकीतून ओरडला. "भरती थांबायची नाही!"

"तू होडीतलं पाणी उपस आधी," बाई म्हणाल्या. "तुझ्या तोंडात दात नाहीत तेवढी भोकं आहेत तिला."

हसत हसत त्यांनी कुलूप काढलं. सगळ्यात जाड पुस्तकाला हात घातला, जोर लावला, आणि हात एकदम वर उडाला. पुस्तक वाळक्या पानासारखं हलकं होतं.

बाईंनी ते उघडलं. माती सांडली.

पानं नव्हतीच. सोनेरी अक्षरं होती, वेष्टण होतं आणि आत वारूळ. मातीतून पांढरे किडे पळाले. बाईंनी दुसरं काढलं. तिसरं. दहावं. जिथे समुद्र होता तिथे माती, जिथे राजवाडा होता तिथे माती. एकोणचाळीस पुस्तकं, आणि वाचायला एक ओळ नाही!

मी सुन्न झालो. पाठीत कित्येक दिवस गुदगुल्या होत होत्या, त्या मी म्हातारपणाच्या समजत होतो. वाळवी त्या प्लायवुडातूनच शिरली होती. लोलोंचं लाकूड तिने सोडलं आणि मला ज्याचा गर्व होता, तेवढंच खाल्लं. राखणदार म्हणवणारा मी तिचं घर झालो होतो!

बाई खाली बसल्या. "मी कुणाला हात लावू दिला नाही गं," त्या पुटपुटत होत्या. "कुणालाच नाही."

मित्रांनो, आता नेनिता गप्प राहिली असती, तरी कुणाला कळणार होतं? चोरी त्या मातीत कायमची पुरली गेली होती. तिने पिशवी घट्ट धरली. मग तिचे ओठ उघडले.

"बाई, एक उरलंय."

"काय?"

"चाळिसावं. मी चोरलं होतं. तिसरीत."

तिने पुस्तक बाईंच्या मांडीवर ठेवलं. सुकटीचा वास, झिजलेले कोपरे, पाठीला मासेमारीच्या दोऱ्याचे टाके.

"हे शिवलं कुणी?"

"बाबांनी. बेटावरच्या सगळ्या घरांत फिरलं ना, म्हणून उसवलं. हा डाग लोला रडली त्याचा, तिला ती बुडणारी बोट सोसवेना." नेनिताने दुसऱ्या डागावर बोट ठेवलं. "हा मात्र रश्श्याचा आहे. माझ्याकडून सांडला."

बाईंनी पान उलटलं. पुन्हा उलटलं. एकही पान कमी नव्हतं.

"बाई, आता वाचनघर..."

"तूच सांभाळायचंस," बाई म्हणाल्या. "पण कुलूप लावलंस तर याद राख! आण ती टोपली. ज्यांचे कोपरे झिजलेत, तीच पुस्तकं भर."

नेनिताने बाईंचा हात धरला आणि आमच्या रीतीप्रमाणे वाकून कपाळाला लावला. त्या हाताची माती तिच्या कपाळावर तशीच राहिली. होडीत सुसर बसली, ज्वालामुखीची मुलगी बसली, कोळी बसला आणि सगळ्यांच्या वर टाके घातलेला दर्यावर्दी.

त्याच आठवड्यात बाईंनी माझी दारं काढून टाकली. आज माझ्या फळ्यांवर कायम फटी असतात. त्या मला सलत नाहीत. फट म्हणजे कुणीतरी वाचतंय.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं पुस्तक फार जपून ठेवलेलं असेल. आजच ते हातात घ्या. जड लागलं, तर नशीब तुमचं.