घरून आलेली जखम

आमच्या वॉर्डात जखमा नेहमी घरूनच यायच्या. म्हणजे कागदावर. पडून पडून पेशंटच्या कमरेखालची कातडी सोलवटली, की फॉर्मवर ‘दाखल होताना होती’ असं लिहून मोकळं व्हायचं. इथे झालेल्या जखमांचा आकडा महिन्याला एक, फार तर दोन. नवीन सिस्टरांना हे शिकवलंही मीच, वर तोंड करून.

गेल्या आठवड्यात जखमांची खरी मोजणी करायला बाहेरून एक बाई आल्या. फाइलींना हातही लावेनात. म्हणाल्या, “प्रत्येकाला कुशीवर वळवा. मी डोळ्यांनी बघणार.”

माझं डोकंच सणकलं. “का हो, आमच्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर आहे. कागदांवर नाही.”

चोवीस पेशंट वळवले. जखमा निघाल्या नऊ. नातेवाइकांना विचारलं, तर त्यातल्या सात इथेच झालेल्या. त्यातल्याच एका म्हातारीनं वळताना माझं मनगट घट्ट धरलं आणि मला आई आठवली.

माझी आई याच वॉर्डात होती, खिडकीजवळच्या खाटेवर. दाखल झाली त्या दिवशी मीच तिची पाठ पाहिली होती. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली बाई, पण पाठ कशी स्वच्छ, पावडर लावलेली! वहिनी दर दोन तासांनी तिची कूस बदलायची. दहाव्या दिवशी आमच्या वॉर्डातच तिला जखम झाली. मी सवयीनं लिहून टाकलं, ‘दाखल होताना होती’. जखम चिघळली, ताप चढला, आई गेली. आणि तो कागद वहिनीनं वाचला. तेव्हापासून ती कुणाशी धड बोलत नाही. दादा सांगतो, स्वतःच्या लेकीला आंघोळ घालायलाही घाबरते, म्हणते माझ्या हातांचा भरवसा नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी दोन महिने मूग गिळून बसले होते. लाज वाटते मला माझी.

मोजणी संपल्यावर तडक दादाचं घर गाठलं. वहिनी कपड्यांच्या घड्या करत होती.

“वहिनी, तू पाठवलीस तेव्हा आईची पाठ स्वच्छ होती. जखम आमच्याकडे झाली. खोटं मी लिहिलं.”

वाटलं, दोन थोबाडीत ठेवून देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं हातातली घडी बाजूला ठेवली.

“म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं, ताई?”

“नाही गं बाई. काहीच नाही.”

ती हमसून हमसून रडली. तिच्या पाठीवरून हात फिरवायचं माझं धाडस झालं नाही. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

“मी भेटायला यायचे ना, तेव्हा आई रोज म्हणायच्या, मला जरा कुशीवर कर. मीच समजूत घालायचे. म्हणायचे, आता इथे ताई आहेत, त्यांना जास्त कळतं.”